हिंदू कॉलनीतला उजेड प्रीमियम भरून विकू नका

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रिडेव्हलपमेंटवर वाचकांची पत्रं येतायत ती मी वाचतोय, पण सगळ्यांत कार्पेट एरिया (घरातली वापरायची जागा) किती मिळणार, भाडं किती, पार्किंग किती एवढीच चर्चा दिसते म्हणून हे लिहायला बसलो. मी दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राहतो, जन्म इथलाच. इथे काय सोयी आहेत असं विचारलं की लोक पटापट सांगतात, स्टेशन जवळ, दादर टीटीच्या चौकात बसेस, शाळा-कॉलेजं चालत जाण्यासारखी. सगळं खरंय. पण ज्या सोयीसाठी हा भाग मुळात वसवला ती कोणीच मोजत नाही, ती म्हणजे घरात येणारा उजेड आणि वारा.

१८९६ ला मांडवीत प्लेगचे रोगी सापडले, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्लेगच आहे हे ओळखलं आणि मग अर्धी मुंबई गाव सोडून पळाली. मांडवी, भुलेश्वर, कामाठीपुरा इकडच्या चाळींत आतल्या खोल्यांना खिडकीच नसायची, भर दुपारी दिवा लावायला लागायचा. म्हणून १८९८ ला सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टने जुन्या दाट वस्तीत समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले, चाळी बांधल्या, आणि उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, सायनकडची शेतं आणि पाणथळ जमीन घेऊन, भर घालून, रस्ते आधी आणि घरं नंतर अशा क्रमाने नवीन वस्ती आखली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हे सगळं त्यातलंच. आधी रस्ता, गटार, झाडं, बाग आणि मग प्लॉट! आज नवीन मुंबईच्याही पुढे जी कॉम्प्लेक्स उभी राहतायत तिथे लोक राहायला जातात तरी रस्ता आणि पाणी यायचं असतं, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

ट्रस्टचे एक चेअरमन होते जे. पी. ऑर. त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. सोपं करून सांगायचं तर खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशात वर रेघ मारली तर समोरची इमारत त्या रेघेच्या आड येता कामा नये, म्हणजे समोरची इमारत पन्नास फूट उंच असेल तर मध्ये पंचवीस फूट तरी मोकळे पाहिजेत. तळमजल्यावरच्या माणसालाही आकाश दिसलं पाहिजे हा त्यामागचा विचार. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे नंतर कळलं, पण म्हणून उजेडाचं महत्त्व कमी झालं नाही.

बाबासाहेब आंबेडकर परळला याच ट्रस्टच्या चाळीत, बीआयटी चाळीत, २२ वर्षं राहिले, १९१२ ते १९३४. मग हिंदू कॉलनीत स्वतःच्या राजगृहात आले, ते घर त्यांनी पुस्तकं डोळ्यांपुढे ठेवून बांधून घेतलं. शाळेत असताना आम्ही त्याच्यावरून रोज जायचो आणि आजही बाहेरगावची माणसं पत्ता विचारत येतात तेव्हा मला फार बरं वाटतं. शिक्षणाचं म्हणाल तर किंग जॉर्ज म्हणजे आताची राजा शिवाजी शाळा, १९२३ ला भायखळ्याहून माटुंग्याला आलेलं व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंग कॉलेज, १९३७ चं रुईया कॉलेज, पुढे पोदार कॉलेज, आणि नायगावकडे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. एवढं सगळं चालत जाण्याच्या अंतरात मुंबईत आणखी कुठे आहे ते मला दाखवा.

आता आजचं. आमच्या बिल्डिंगी जुन्या झाल्यात, सळया गंजून प्लॅस्टर पडतं, लिफ्ट नाही, आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी खाली न्यायचं हे घराघरात चाललेलं असतं. त्यामुळे रिडेव्हलपमेंट नको असं मी म्हणत नाही, ती झालीच पाहिजे आणि भाडेकरूंना हक्काचं घर मिळालंच पाहिजे. पण दोन-तीन मजल्यांसाठी आखलेल्या प्लॉटवर वीस-बावीस मजले चढतात आणि मधली मोकळी जागा मात्र वाढायच्या ऐवजी कमी होते. सेस बिल्डिंगींच्या, म्हणजे दुरुस्तीचा कर भरणाऱ्या जुन्या भाडेकरू इमारतींच्या, रिडेव्हलपमेंटच्या नियमांत, ३३(७) मध्ये, मोकळ्या जागेची सूट मिळते आणि जागा कमी पडली तर पालिकेला प्रीमियम, म्हणजे जास्तीचे पैसे, भरून काम पुढे जातं. त्यातून आमच्या शेजारी टॉवर झाला. आमच्या स्वयंपाकघरात आता दिवसभर ट्यूब चालू असते आणि पावसाळ्यात भिंतीची ओल दिवाळीपर्यंत जात नाही.

याने काय होतं ते बघायचं असेल तर गोवंडी-मानखुर्दला जा. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमधल्या पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटून बांधल्यात की खालच्या मजल्यांना ऊनच लागत नाही, आणि तिथे टीबी जास्त असण्याचा उजेड-हवेच्या अभावाशी संबंध आहे असं डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासात आलं, ते २०१८ च्या सुमारास पेपरांत छापूनही आलं होतं. तिथली माणसं गरीब म्हणून त्यांच्या वाट्याला हे आलं, याची खरं तर आपल्या सगळ्यांना लाज वाटायला हवी.

माझी मागणी साधी आहे. प्रीमियम भरून मोकळी जागा कमी करायची सवलत निदान राहत्या इमारतीच्या खिडक्यांच्या बाजूला देऊ नये. साइटबाहेर जो बोर्ड लागतो त्यावर मजल्यांच्या संख्येबरोबर चारही बाजूंना किती मीटर जागा सोडली ते मराठीत लिहायला लावावं. आणि मंजुरी देण्याआधी शेजारच्या बिल्डिंगीतल्या लोकांना बोलावून प्लॅन दाखवावा, कारण बिल्डर फक्त स्वतःच्या भाडेकरूंशी बोलतो, ज्यांचा उजेड जाणार असतो त्यांना कोणी काही विचारत नाही. सभासदांनीही करारावर सही करण्याआधी सर्वात खालच्या राहत्या मजल्यावर दुपारी किती उजेड येईल हे आर्किटेक्टकडून लिहून घ्यावं, दहा स्क्वेअर फूट कमी मिळाले तरी चालतील.

आमच्या गल्लीतल्या दोन बिल्डिंगींचे प्लॅन सध्या मंजुरीला गेलेत, त्यामुळे पत्र लवकर छापलंत तर उपयोग होईल.

आपला,
एक हिंदू कॉलनीकर, दादर (पूर्व)