लिफ्ट वर गेली तेव्हा

मुलुंड (पूर्व), मुंबई
रविवार, रात्री अकरा

प्रिय अन्या,

फोन सोडून पत्र आलं म्हणून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. एक कबुली द्यायची आहे आणि ती तोंडी द्यायला जीभ जरा जड होते, म्हणून हा कागद.

गेल्या मंगळवारी मी आणि मनू लिफ्टमध्ये अडकलो. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, लाइट गेलेले, आणि सोसायटीचा जनरेटर गेले दोन महिने ‘उद्या’ दुरुस्त होतोय. अर्ध्या तासाने लिफ्टवाला आला. गच्चीवरच्या मशीन रूममधून ओरडला, “दरवाज्याला हात लावू नका, ब्रेक सोडतोय!” मी मनूला म्हटलं, कठडा धर, आता खाली जाणार. आणि लिफ्ट चक्क वर गेली. मोटर बंद, वीज नाही, आणि आम्ही दोघं आचके खात, थांबत-थांबत चौथ्या मजल्यावर.

मनू यंदा अकरावी सायन्सला आहे, हे तुला माहीत आहेच. दार उघडायच्या आत तिचा प्रश्न: “बाबा, आपण वर कसे आलो?” मी रुबाबात म्हटलं, काउंटरवेट, दोरीच्या दुसऱ्या टोकाला टांगलेलं वजन. आपल्यापेक्षा तो जड, म्हणून तो खाली आणि आपण वर. कप्पीचं सूत्रही म्हणून दाखवलं, त्वरण म्हणजे वजनांतला फरक भागिले वजनांची बेरीज गुणिले g (गुरुत्वाचं त्वरण). ती म्हणाली, ते मलाही पाठ आहे, पण दोरीत टेन्शन किती होतं? मी म्हटलं, किती म्हणजे? आपलं आणि डब्याचं मिळून जे वजन, तेवढं. दोरीला तेच तर लटकलंय.

“मग वर ओढलं कोणी?”

अन्या, गिरगावातली तुमच्या चाळीची गॅलरी आठवली. बारावीचं वर्ष. मी तोंडपाठ सूत्राने फटाफट उत्तरं काढायचो आणि तू प्रत्येक गणिताला वहीत गोल काढत बसायचास. “आधी कोणाबद्दल बोलतोयस त्याच्याभोवती रेघ ओढ. रेघेच्या बाहेरून आत कोण ओढतंय तेवढंच लिही.” मी तुला गोलगोल मास्तर म्हणायचो. परीक्षेत तुझा पेपर अर्धा राहिला, मला पैकीच्या पैकी मिळाले, आणि त्या मार्कांवर मी तीस वर्षं तुझ्याशी शहाणपणा केला. खरं काय ते मंगळवारी कळलं.

त्या रात्री मशीन रूमच्या पाटीवरचे आणि लिफ्टवाल्याने सांगितलेले आकडे घेऊन बसलो. डबा 800 किलो. दहा माणसांची लिफ्ट, म्हणजे 680 किलो भार. काउंटरवेट 1140, म्हणजे डबा अधिक निम्मा भार. (युक्ती बघ: लिफ्ट खच्चून भरली तरी फरक 340 किलोचा, रिकामी असली तरी 340चाच, फक्त उलट्या बाजूला. मोटरला सगळं वजन कधी उचलावंच लागत नाही.) आम्ही दोघं मिळून 130 धर. एका बाजूला 930, दुसऱ्या बाजूला 1140.

आता तुझा गोल. डब्याभोवती रेघ ओढली तर बाहेरची माणसं दोनच: खाली पृथ्वी, वर दोरी. डबा वर निघाला, म्हणजे दोरी 930 किलोच्या वजनाहून जास्त ओढत असणारच. दुसरा गोल काउंटरवेटभोवती. तो खाली निघाला, म्हणजे तीच दोरी त्याला 1140पेक्षा कमी ओढतेय. एकच दोरी, एकच ताण, तेव्हा उत्तर या दोहोंच्या मधेच कुठेतरी हवं. सूत्राला हात लावायच्या आधी एवढं कळतं! मोटर, चाक, घर्षण बाजूला ठेवून हिशेब केला तर ताण 1024 किलोच्या वजनाइतका येतो, म्हणजे साधारण 10,000 न्यूटन. आणि त्वरण सेकंदाला सेकंदाला जेमतेम 1 मीटर. सुट्टं पडणाऱ्या वस्तूचं 9.8. जॉर्ज अ‍ॅटवुड नावाच्या केंब्रिजच्या मास्तरने 1784 साली पुस्तकात आपलं कप्पीचं यंत्र मांडलं ते याचसाठी: वस्तू इतक्या झपकन पडतात की मोजता येत नाहीत, तर दोन्हीकडे जवळजवळ सारखी वजनं टांगून पडणंच मंद करायचं. आमचा लिफ्टवाला तर तेवढ्यावरही विश्वासला नाही, ब्रेक जरा सोडायचा, परत लावायचा. म्हणून ते आचके.

मग मनूला दोन्ही गोल एकत्र करून मोठा गोल काढून दाखवला. ती लगेच म्हणाली, अरे, ताण गेला कुठे? गेला नाही, आत गेला. गतीचं गणित सोपं झालं, पण दोरीवर काय बेततंय ते दिसेनासं झालं. ते बघायचं तर दोरी कापून गोल काढायलाच हवा. माझं पाठ सूत्र हा मोठा गोल होता, अन्या, आणि तो कोणी काढला हे मी कधी विचारलंच नाही.

तेव्हापासून तिला ठाण्यापासून दादरपर्यंत सगळीकडे गोलच दिसतात. परवा लोकलमध्ये म्हणाली, वरच्या तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफवाला, म्हणजे मोटरचा डबा तीन डब्यांत एक असतो ना, मग प्रत्येक तिकडी आपापलीच ओढली जाते! वजनं आणि जोर सारखे धरले तर दोन तिकड्यांमधल्या कपलिंगवर, म्हणजे जोडावर, जवळपास काहीच ओढ येत नाही. उलट एका इंजिनाची वीस डब्यांची गाडी घे, डबा 50 टनांचा. त्वरण 0.2 धरलं तर इंजिनामागच्या कपलिंगवर 200 किलोन्यूटन, शेवटच्यावर फक्त 10. गाडी तीच, पण पहिल्या कपलिंगला वीस डबे आणि शेवटच्याला एकच.

तू गणपतीला येऊन घाटावर परत जाशील तेव्हा कर्जतला वडा खायला उतरशीलच, तेव्हा गाडीच्या शेपटाकडे बघ. मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. घाटाचा चढ 37ला 1. आपली 1000 टनांची गाडी एकसारख्या वेगाने चढवायला फक्त उतारापायी 265 किलोन्यूटन लागतात, आणि ते सगळे पुढच्या एकाच कपलिंगने का सोसावेत? अर्धा जोर मागून आला की पुढे 132 राहतात, मागे सरकत कमी होतात, मधल्या जोडावर शून्य, आणि त्यापुढे उत्तर ऋण. कपलिंग ताणलं जात नाही, दाबलं जातं. मनूला हा शून्याचा जोड भलताच आवडलाय. नेमका त्याच्याच दारात उभं राहून घाट चढायचा म्हणते.

तर गणपतीत ये. वहिनींना आणि पोरांना घेऊन ये. वही मी आणून ठेवलीय, कारण तिने कालच नवा घोळ घातलाय: “पुस्तकात दोरी वजनरहित असते, पण वीस मजल्यांच्या टॉवरमध्ये लिफ्टच्या पोलादी दोऱ्याच शेकडो किलोंच्या असतील. डबा वर गेला की त्यांचं वजन काउंटरवेटच्या बाजूला जातं. मग गोल कुठून कापायचा?” मी म्हटलं, मास्तर येतायत, त्यांना विचार.

तुझाच,
बाळ्या