हिरव्या पानाआधी बॅटचा सांधा बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खेळाच्या सामानाच्या खोक्यावर हल्ली हिरवं पान छापलेलं असतं. पुठ्ठा म्हणे पुनर्वापराचा. आत मात्र बॅट प्लास्टिकच्या पिशवीत, आणि बॅटच्या तोंडाला, म्हणजे चेंडू लागतो त्या बाजूला, प्लास्टिकचा पापुद्रा. मी क्रिकेटच्या बॅटी दुरुस्त करतो. खोकं कचऱ्यात गेल्यावर आतल्या मालाचं काय होतं, ते माझ्या टेबलावर दिसतं.

ज्याच्या लाकडाची बॅट होते ते विलोचं झाड बॅटजोगं व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. त्याची बॅट एका हंगामात फुटली, तर पुठ्ठ्यानं काय भरून निघणार? आणि फुटते ती बहुतेक वेळा हौसेपायी. गिऱ्हाइकाला कड जाड हवी आणि वजनही कमी हवं. 2017 पासून नियमानं कडेला 40 मिलिमीटरची मर्यादा घातली, तर आता जो तो त्या 40 पर्यंत पोहोचायला धडपडतो. एवढं लाकूड ठेवून बॅट हलकी करायची, तर एकतर ते जास्त वाळवायचं, नाहीतर प्रेसमध्ये कमी दाबायचं. जास्त वाळलं की ठिसूळ होतं, कमी दाबलं की तोंडावर लवकर पिचतं. कारागिराला हे पक्कं ठाऊक असतं, पण मागणीपुढे त्याचं चालत नाही.

दुसरी हौस गोऱ्या लाकडाची. सरळ, मोजता येतील अशा रेषा आणि एकही डाग नको. फुलपाखरासारखे तपकिरी ठिपके असलेलं लाकूड खालच्या प्रतीत जातं. त्यानं खेळात काही बिघडत नाही, उलट असं लाकूड चिवट निघतं असा आमच्या धंद्यातला अनुभव आहे. पण दिसायला बरं नाही ना!

जुन्या पद्धतीच्या बॅटीचा दांडा मोडला, तर बॅट मेली असं होत नाही. दांडा करवतीनं कापायचा, पात्यातल्या व्ही आकाराच्या खाचेत उरलेला वेत पटाशीनं हळूहळू कोरून काढायचा, खाच जराही न फाटता साफ करायची आणि नवा वेताचा दांडा घासून घासून तिच्यात बसवायचा. सरस लावण्याआधीच तो नुसता हातानं घट्ट बसला पाहिजे. फट राहिली आणि सरसानं भरली, तर पहिल्याच जोरदार फटक्याला कळतं. मग वर दोरा गुंडाळायचा. पातं चांगलं असेल तर तीच बॅट पुन्हा मैदानात जाते. कार्बन फायबरची रॅकेट तुटली की मात्र माझ्याकडे आणून उपयोग नाही. तिच्यातले धागे धरून ठेवणारी राळ एकदा कडक झाली की वितळवून पुन्हा घडवता येत नाही.

2021 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी बांबूच्या पट्ट्या चिकटवून बॅट केली. आजच्या नियमांत ती बसत नाही. बांबू झपाट्यानं वाढतो, त्यामुळे कल्पना मला आवडली. पण तिचा दांडा बदलता येईल का, हे मी आधी विचारीन.

कंपन्यांनी हिरव्या पानाशेजारी एवढंच छापावं: दांडा बदलता येतो की नाही, सांध्याला कोणता सरस आहे आणि सुटा दांडा कुठे मिळेल. आपल्या क्रीडापानावर नव्या बॅटीची ओळख येते, तिथेही हे तीन प्रश्न कंपनीला विचारून उत्तरं छापावीत, ही विनंती.

आपला,
बॅट दुरुस्त करणारा एक वाचक