माजघरातला अंधार काळा नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत एकोणिसाव्या शतकातल्या डच घरगुती चित्रांवर लेख आला, सोबत योझेफ इस्राएल्स यांचे ‘टेबलाभोवती शेतकरी कुटुंब’ (१८८२) छापले, हे छान झाले. पण लेखात चित्रातल्या अंधाराला सरळ ‘काळा’ म्हटले आहे. दोष लेखकाचा कमी, छपाईचा जास्त. वृत्तपत्राचा कागद शाई शोषतो, ठिपके पसरतात, गडद छटा एकमेकींत मिसळतात आणि नुसते काजळ उरते. इस्राएल्स ज्या डच चित्रकारांच्या गटातले, त्या हेग संप्रदायाला ‘करडा’ हे नाव उगाच पडले नव्हते.

अशा छापील चित्रांवरून नकला करणारे हौशी पुण्यात बरेच, आणि ते इथेच फसतात. आयव्हरी ब्लॅक हा काळा तैलरंग पिळून कोपरे भरतात. हा रंग तेल भरपूर धरतो, सुकतो उशिरा. त्यात आपला पावसाळा. वरचा थर आधी सुकला की भेगा ठरलेल्या. (त्या काळी अनेक युरोपीय चित्रकारांनी बिट्युमेन, म्हणजे डांबराच्या जातीचा तपकिरी रंग, वापरले. दिसायला मधासारखे, पण पुरते कधीच सुकत नाही आणि मगरीच्या पाठीसारखे फुटते.)

त्यापेक्षा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) कॅनव्हासला फासून फडक्याने पुसावा. दुधाच्या चहाइतका रंग उरू द्यावा. सावलीला निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना निम्मे-निम्मे. खिडकीकडे निळा किंचित वाढवावा, चुलीकडे सिएना. सावली पातळ, उजेड जाड. जवस तेल वरच्या थरांतच. व्हार्निश सहा महिन्यांनी, तेही कोरड्या हवेत, नाहीतर पांढुरकी साय धरते.

शंका असल्यास सदाशिव पेठेतल्या एखाद्या उरल्यासुरल्या वाड्याच्या माजघरात दुपारी दहा मिनिटे बसावे. तांब्याच्या काठावर एकच पांढरी रेघ, पोटावर खिडकीचा निळसर करडा तुकडा, बुडाशी जमिनीचा तांबूसपणा. काळे काहीच नाही.

डच चित्रकार व्हॅन गॉगने अशाच शेतकरी कुटुंबाच्या ‘बटाटे खाणारे’मधले (१८८५) चेहरे एकदा पुरे करून पुन्हा रंगवले, न सोललेल्या धुळकट बटाट्याच्या रंगात. तसे त्याने भावाला कळवलेही. आपल्या कागदावर तो रंगही काळाच उमटेल.

तेव्हा असे चित्र छापताना सावल्या थोड्या उजळून घ्याव्यात आणि त्याला निदान चार कॉलम द्यावेत. दोन कॉलमांत चेहरे तेवढे दिसले.

– एक वाचक, पुणे