स्लॅबच्या पॅसेजला फॉल्स सीलिंगचे दिवे: माल बदलून देण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: चुकीच्या प्रकारचे ४० कन्सील्ड (फॉल्स सीलिंगच्या आत बसणारे) दिवे व ८ वॉल लाइट बदलून मिळणेबाबत

महोदय,

मी लातूरच्या अंबाजोगाई रोडवरील एका १६ फ्लॅटच्या सोसायटीचा सचिव आहे. मार्चमध्ये आम्ही पॅसेज, जिना, पार्किंग आणि गेटसाठी तुमच्याकडून ३४,००० रुपयांचे दिवे घेतले. माल तुटका निघाला अशी आमची तक्रार नाही. तो आमच्या इमारतीच्या उपयोगाचाच नाही, आणि निवड तुमच्या प्रतिनिधीने केली होती.

प्रतिनिधी स्वतः येऊन चारही मजले फिरून गेले. मी त्यांना साधे सरफेस दिवे मागितले होते, स्क्रूने छताला बसणारे. त्यावर ते म्हणाले, "सर, सरफेस जुनाट दिसतं, आता सगळीकडे कन्सील्डच चालतं." कोटेशनवर त्यांच्याच अक्षरात 'पॅसेज व जिना – कन्सील्ड १५ वॅट – ४० नग' असं लिहिलेलं आहे.

एप्रिलमध्ये वायरमनने पहिला खोका उघडला. दिव्याच्या दोन बाजूंना स्प्रिंगच्या क्लिपा. फॉल्स सीलिंगला गोल भोक पाडायचं, क्लिपा दाबून दिवा आत सरकवायचा, की वरून त्या बोर्डाला पकडतात. दिव्याला वीज पुरवणारी ड्रायव्हरची डबीही वरच्या पोकळीत राहते. आमच्या पॅसेजला पीओपी नाही, पोकळी नाही. सरळ आरसीसी स्लॅब आहे. वायरमनने दिवा छताला टेकवून पाहिला आणि शिडीवरूनच म्हणाला, "सर, ह्याला धरायलाच काही नाही. स्लॅबला काय चिमटा काढावं का?"

तुमच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर दोन उपाय सांगितले गेले. एक, फॉल्स सीलिंग करून घ्या. पॅसेजची उंची नऊ फूट, मध्ये बीम, आणि एक बाजू पूर्ण उघडी. पावसाची झड आत येते, तिथे पीओपी किती दिवस टिकणार? दुसरा उपाय म्हणजे स्लॅबमध्ये सहा इंची भोकं पाडून घ्या, म्हणजे आतली सळईही कापली जाणार. हे ऐकून मी फोन ठेवून दिला. आमचे निम्मे सभासद औसा-निलंग्याकडचे आहेत. ज्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट किल्लारीच्या आसपास काढली, त्यांना 'स्लॅबची सळई थोडी कापू' असं सहज सांगायचं नसतं. सरफेस दिव्यालाही भोक लागतंच, पण ते सहा मिलिमीटरच्या प्लगचं. वायर तर आधीच बॉक्समधून खाली आलेली आहे.

वॉल लाइटचं प्रकरण याहून वाईट. गेटच्या खांबांवर आणि कंपाउंडच्या भिंतीवर, म्हणजे उघड्यावर, हे आठ दिवे लावले. खोक्यावर 'आयपी २०' छापलंय. आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा; यातला दुसरा आकडा पाण्यासाठी असतो. तिथे शून्य म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही. उघड्यावर आयपी ६५ चा, रबरी गॅस्केटवाला दिवा लागतो, हे तुमच्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी तीन दिव्यांच्या काचेत बोटभर पाणी, वर मेलेली पाखरं तरंगत होती. तेव्हापासून कॉमन लाइनचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडू लागला. पाण्याची मोटर त्याच लाइनवर आहे. दोन सकाळी वरची टाकी रिकामी राहिली आणि लोक बादल्या घेऊन माझ्या दारात. लातुरात पाण्यावरून सचिवाला काय ऐकावं लागतं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शेवटी आठही दिवे लाइनवरून तोडले. गेटवर सध्या अंधार आहे.

तुमच्या ई-मेलमध्ये 'उत्पादनाची निवड ग्राहकाची' असं उत्तर आलं. कोटेशन वायरमनला न दाखवता मी सही केली, एवढी चूक माझी. ती सभेतही कबूल केली. पण जागा पाहून शिफारस करायची आणि अंगाशी आलं की निवड तुमची म्हणायचं, हे पटणारं नाही.

तेव्हा ४० कन्सील्ड दिवे (३९ खोके सीलबंद आहेत) परत घेऊन तेवढेच १५ वॅटचे गोल सरफेस दिवे द्यावेत, ४००० केल्विनचे, म्हणजे सौम्य उजेडाचे. पांढरेफटक ६५०० नकोत, जिन्यात डोळ्यांवर येतात. वॉल लाइटच्या जागी आयपी ६५ चे बल्कहेड (भिंतीवर बसणारे बंद झाकणाचे दिवे) चालतील. दिसायला साधे असले तरी हरकत नाही. किमतीत फरक निघाल्यास हिशेब करू. वायरमनची दुबार मजुरी मात्र तुमच्याकडे.

पंधरा दिवसांत निर्णय न कळवल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागेल. २०१९ च्या कायद्याने तक्रार आम्ही राहतो तिथेच करता येते, त्यामुळे हेलपाटे तुम्हाला पडतील. बिल, कोटेशन आणि पाणी भरलेल्या दिव्यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

पाहणीला माणूस पाठवणार असाल तर सकाळी दहानंतर पाठवा, तोवर मोटर चालू असते. शिडी आमच्याकडे आहे.

आपला,
सचिव
(सोसायटीच्या वतीने)