इंजेक्शनाच्या बातमीत आठवडेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गरोदरपण आणि नवजात बाळांवरील संशोधनाची बातमी बहुधा एका वाक्यात आटोपते: अमुक औषधाने बाळांचे मृत्यू घटले. ते औषध कितव्या आठवड्यात, किती मात्रेत आणि कोणत्या सोयी असलेल्या रुग्णालयात दिले, हे वाचकाला कळत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आईला देतात त्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाबाबत एवढा तपशील गाळणे धोक्याचे आहे.

अशा बाळाच्या फुफ्फुसांत सरफॅक्टंट हा द्रव पुरेसा तयार झालेला नसतो. श्वास सोडला की हवेच्या पिशव्या मिटतात आणि त्या पुन्हा उघडताना बाळ थकून जाते. न्यूझीलंडमधील ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स यांना मेंढ्यांवरील प्रयोगांत दिसले की, स्टिरॉइड मिळालेली कोकरे दिवस भरण्याआधी जन्मूनही तग धरतात. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासह त्यांनी २८२ मातांवर चाचणी घेतली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. पहिल्या आठवड्यातील बाळमृत्यू औषध न मिळालेल्या गटात १५ टक्के होते, मिळालेल्या गटात ३.२ टक्के. तरीही हा उपचार सर्वदूर रुळायला आणखी दोन दशके गेली.

इतके गुणकारी औषध गावोगावी का पोहोचवू नये, या रास्त विचारातून सहा देशांत सुमारे एक लाख प्रसूतींवर मोठी चाचणी झाली. भारतही त्यात होता. २०१५ मध्ये आलेला निकाल उलटा होता. अगदी लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत. सगळी बाळे धरली तर नवजात मृत्यू हजारी २३.९ ऐवजी २७.४ निघाले आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त आढळली. हा निकाल जसाच्या तसा मांडणाऱ्या संशोधकांचे आपण ऋणी आहोत. त्या चाचणीत पाळीची तारीख ठाऊक नसेल तेथे टेपने पोटाची उंची मोजून आठवडे ठरवले जात. अशा मोजणीत पूर्ण दिवसांचे पण लहान चणीचे बाळ अपुऱ्या दिवसांचे ठरू शकते. औषध मिळालेल्या बहुतेक मातांची बाळे फार लहान नव्हतीच.

मग जागतिक आरोग्य संघटनेने प्रश्न नेमका केला. बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातील २९ रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे पक्के केलेल्या २,८५२ महिला. गर्भ २६ आठवड्यांपासून ३३ आठवडे ६ दिवसांपर्यंतचा. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ६ मिलिग्रॅम स्नायूत, दर १२ तासांनी, जास्तीत जास्त चार वेळा. २०२० मध्ये निकाल आला: नवजात मृत्यू २३.५ ऐवजी १९.६ टक्के, आणि मातांमध्ये संसर्गाची वाढ नाही. औषधाचा प्रकार तोच होता. बदलली होती ती निवड आणि भोवतालची सेवा.

म्हणून इंजेक्शनाआधी आठवडे पक्के हवेत, प्रसूती सात दिवसांत होण्याची दाट शक्यता हवी आणि आईला संसर्ग नसल्याची खात्री हवी. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा पोटाला हात लावताच दुखणे असेल, तर आधी त्याकडे पाहावे लागते. बाळाला ऊब, ऑक्सिजन, श्वासाला सीपॅपचा (नाकावाटे सौम्य दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) आधार आणि आईचे दूध मिळण्याची सोय त्याच रुग्णालयात हवी. नसेल तर बाळ पोटात असतानाच आईला तशा ठिकाणी हलवणे चांगले. मधुमेह असलेल्या आईची साखर इंजेक्शनानंतर चढते, ती वारंवार तपासावी लागते. ३४ आठवड्यांनंतर हेच औषध दिल्यास बाळाची साखर जन्मानंतर उतरण्याचा धोका वाढतो. ‘घेऊन ठेवलेले बरे’ म्हणून द्यायचे हे इंजेक्शन नव्हे.

या सगळ्याचा पाया पहिल्या सोनोग्राफीत आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतच्या लांबीवरून काढलेली तारीख साधारण आठवडाभराच्या फरकात बसते; शेवटच्या तिमाहीत तोच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. हा अहवाल गरोदर बाईने प्रत्येक तपासणीला जवळ बाळगावा, कारण अवेळी कळा सुरू झाल्यावर डॉक्टरांना तो सर्वांत आधी लागतो.

आपल्या वार्ताहरांना विनंती की, अशा बातमीत आठवडे, मात्रा, रुग्णालयाचा दर्जा आणि तुलनेच्या गटाचे आकडे, या चार गोष्टी छापाव्यात. दोन ओळी जास्त लागतील.

आपले,
प्रसूती व नवजात शिशू विभागांत काम करणारे काही वाचक