रेखाटनाची वही कपाटात नको, हाताशी हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

छंद जोपासण्याविषयी पुरवण्यांमधून पुष्कळ छापून येते. चित्रकलेबद्दल सल्ला बहुधा ठरलेला असतो: रोज तासभर बसा आणि काढा. नोकरी, घरकाम, मुलांचा अभ्यास, कुणाचे तरी आजारपण यातून रोजचा तास निघत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी वही मिटते ती मिटतेच, आणि सगळा दोष वेळेच्या माथी जातो. खरे तर दिवसातून पाच मिनिटे जवळजवळ प्रत्येकाला मिळतात. ती पाच मिनिटे हातची जातात ती वही दुसऱ्या खोलीत असते म्हणून, कागद भारी असतो म्हणून, किंवा हाती घेतलेले चित्र पूर्ण झालेच पाहिजे या हट्टापायी.

आधी वहीचे बघू. ए-५ (१४८ बाय २१० मिमी) पिशवीत राहते, ए-६ (१०५ बाय १४८ मिमी) खिशात. उभ्याने काढायचे असेल तर लहान आणि टणक पुठ्ठ्याची वही घ्यावी. मऊ पुठ्ठा हातात वाकतो आणि रेघ हलते. एकोणिसाव्या शतकातला जर्मन चित्रकार आडोल्फ मेंझेल कोटाच्या खिशांत वह्या घेऊन फिरे. वही अंगावर असणे हाच या सवयीचा निम्मा भाग आहे. पेन-पेन्सिलीला १०० ते १२० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कागद पुरतो. ८० च्या खाली शाई मागच्या बाजूला दिसते. ३०० जीएसएमचा जाड कागद जलरंगासाठी ठीक, पण रोजच्या वहीत तो नको: असा कागद वाया जाईल या धास्तीने हात आखडतो.

पान बिघडले तरी फाडू नये. शिवलेल्या वहीत दोन पाने एकाच तावाची असतात, एक फाडले की पलीकडचे जोडीचे पानही सैल होऊन निघते. शिवाय बिघडलेले पानच पुढे सर्वात उपयोगी पडते, कारण चूक कुठे झाली ते त्यात दिसते. स्प्रिंगच्या वहीतली पाने पिशवीत एकमेकांवर घासतात आणि ४बी, ६बी सारख्या मऊ पेन्सिलीचे काम धुरकट होते. तिथे एचबी किंवा २बी बरी.

रोजच्या रेखाटनाला आम्ही पेनच सुचवू. पेन्सिल असली की खोडरबर आलाच, आणि पाचांतली दोन मिनिटे खोडण्यात जातात. पेनाची रेघ चुकली तर ती तशीच ठेवून शेजारी दुसरी काढावी. साधे बॉलपेन यासाठी उत्तम आहे. हात हलका ठेवला की फिकी रेघ उमटते, दाब दिला की गडद. टोकाशी शाईचा गोळा साचतो, तो अधूनमधून चिंधीला पुसावा, नाहीतर नेमका चेहऱ्यावर डाग पडतो. वरून पाण्याचा हात फिरवायचा असेल तर जलरोधक पिगमेंट शाईचे ०.३ किंवा ०.५ मिमीचे पेन घ्यावे आणि शाई सुकू द्यावी. ०.१ चे टोक खरखरीत कागदावर दाबाने आत जाते. पाण्यात विरघळणारी शाई असेल तर मात्र तिचा फायदा घेता येतो: ओले बोट रेघेवरून फिरवले की सावली तयार.

काय काढायचे हा प्रश्न उगाच मोठा केला जातो. समोरचा कप काढावा. कपाचे तोंड लंबगोल दिसते आणि नवशिक्याच्या हातून त्याची दोन्ही टोके अणकुचीदार होतात; ती गोलच हवीत. त्याहून मोठी चूक तळाशी होते. कप टेबलावर सपाट बसला आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून हात तिथे सरळ रेघ ओढतो. प्रत्यक्षात तळ आपल्या नजरेपासून तोंडापेक्षा अधिक खाली असतो, म्हणून त्याची वक्ररेषा तोंडाच्या कडेहून जास्त गोलाईची दिसते. मग कान: कान आणि कप यांच्यामधली रिकामी जागा आधी काढली की कान आपोआप जागेवर बसतो. प्रमाण मोजताना पेन हातभर लांब धरून एक डोळा मिटावा आणि कोपर ताठ ठेवावे. कोपर वाकले की अंतर बदलते आणि आधीचे माप फुकट जाते.

माणसे हलतात म्हणून लोक ती टाळतात. पण रांगेतला किंवा वाट बघत उभा असलेला माणूस बहुतेकदा दोन-तीनच पवित्र्यांत फिरून फिरून येतो: भार या पायावर, मग त्या पायावर, मग मोबाइलवर मान खाली. एकाच पानावर तिन्ही आकृत्या सुरू कराव्यात आणि तो जसा हलेल तसे त्या-त्या आकृतीवर जावे. आधी खांद्याची आणि कमरेची तिरकी रेघ. चेहरा शेवटी, नाही जमला तर नाही. चालत्या गाडीत लांब रेघ धक्क्याने मोडते, म्हणून बाह्याकृती गाडी थांबली की काढावी आणि धावताना छायेच्या आखूड रेघा भराव्यात. फोटोवरून काढणे अडीअडचणीला चालेल, पण फोटो मोठा करता येतो, त्यामुळे डोळा तपशिलात अडकतो आणि एकूण आकार हातचा जातो.

खंड पडणारच. पानावर तारीख घालावी, पण चुकलेल्या दिवसांसाठी कोरी पाने सोडू नयेत आणि थकबाकी भरून काढायलाही बसू नये. पुन्हा सुरुवात करताना कठीण विषय नको. किल्ल्यांचा जुडगा, दाराशी काढलेले बूट, स्वतःचा डावा हात, यातले जे जवळ असेल ते घ्यावे, आणि पाच मिनिटे संपली की अर्धवट आकृतीवरच थांबावे. अर्धे राहिलेले पान दुसऱ्या दिवशी वही उघडायला लावते.

आपल्या पुरवणीत यासाठी एक छोटा चौकोन द्यावा, ही विनंती. दर आठवड्याला एक वस्तू सुचवावी आणि तिच्यात काय बघायचे ते दोन ओळींत सांगावे. सोबत तयार चित्र मात्र छापू नये; ते छापले तर वाचक तेच उतरवतील आणि वस्तूकडे कुणी बघणार नाही.

आपले,
रेखाटनाची वही बाळगणारे काही वाचक