आई, तुझं दीड पान गेलं त्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर आई तू म्हणालीस की पुराचं लिहिलेलं दीड पान गेलं, तेव्हापासून जीवाला चैन नाही, आणि फोनवर हे नीट सांगता येत नाही म्हणून लिहितेय. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या घरातून निघताना तू काय उचललंस आणि काय मागे राहिलं, ते तुझ्याशिवाय कोण लिहिणार गं.

झालं काय, तुझी फाईल एका विंडोत उघडीच होती आणि बाबांनी दुसरं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची विंडो, उघडून तीच परत विममध्ये, आपल्या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. विमने लगेच सांगितलं होतं, ई३२५, अटेन्शन, या फाईलची स्वॅप फाईल, म्हणजे लिहिताना विम बाजूला ठेवतो ती तात्पुरती नोंद, आधीच आहे. बाबा, तुम्ही नोकरीत वर्षानुवर्षं विमचा जुना अवतार व्हीआय वापरलंत, तरी घाईत ई दाबलंत, म्हणजे 'एडिट एनीवे'. मग आईने लिहून सेव्ह करून तिची विंडो बंद केली, आणि नंतर तुम्ही सेव्ह करायला गेलात तेव्हा त्याने परत विचारलं की तुम्ही उघडल्यानंतर फाईल बदललीय, तरी लिहू का, तर तुम्ही वाय दिलंत. तिथंच आईचं गेलं. तिची विंडो चालू असती तर तिकडून परत सेव्ह करता आलं असतं, याचंच फार वाईट वाटतं.

आता परत तो मेसेज आला ना, तर आधी थांबून वाचा. प्रोसेस आयडीपुढे 'स्टिल रनिंग' दिसलं की समजायचं फाईल कुठंतरी उघडी आहे, क्यू दाबून बाहेर या आणि ती विंडो शोधा. कधी कंट्रोल झेड दाबलं जातं आणि विम मागे जाऊन बसतो, त्याच टर्मिनलवर एफजी टाइप केलं की पुढं येतो. नुसतं वाचायचं असेल तर ओ, मग चुकून काही बदलणार नाही.

आणि तो मेसेज लाईट गेल्यावर आला असेल तर आर, म्हणजे 'रिकव्हर'. विम २०० अक्षरं टाइप झाली की किंवा ४ सेकंद हात थांबला की स्वॅपमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे बहुतेक सगळं मिळतं, शेवटचे चार शब्द गेले तर गेले. पण रिकव्हर झालं की आधी वेगळ्या नावाने सेव्ह करा, जुन्या फाईलशी ताडून बघा, आणि मगच स्वॅप फाईल काढा. ती आपोआप जात नाही, राहिली तर तोच मेसेज परत येतो. डी, म्हणजे स्वॅप फाईल डिलीट, मात्र आधी दाबू नका बाबा, प्लीज.

मी शनिवारी सकाळी मिरजेला उतरतेय. आई, तू दुपारी जेवणं झाल्यावर बसून सांग, मी टाइप करते, देवघरापासून सुरुवात करू.

तुमची,
ताई